गावातलं सामूहिक स्वयंपाकघर चालतं कशावर?

अंबाडी (घाटंजी, जि. यवतमाळ)

बचत गटांचा विषय निघाला की आपली गाडी पापड-लोणच्यांवर जाऊन थांबते, म्हणून वेगळा धागा काढते. मला बोलायचंय ते रोजच्या शिजवलेल्या ताटाबद्दल.

आमच्या तालुक्यात बाजाराच्या एका गावी सात-आठ बायका मिळून स्वयंपाकघर चालवतात. मी त्यांचा हिशेब बघते. दोघींचे नवरे कर्जापायी गेले, एकीला नवऱ्याने टाकलंय, दोघी कोलाम पोडावरच्या (पोड म्हणजे कोलामांची वस्ती), बाकीच्या मजुरीवाल्या. ताटात दोन ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, भात, हंगामाची एक भाजी, जवसाची चटणी आणि कांदा. बाजाराच्या दिवशी पाटवडी-रस्सा. पाटवडी थापणारी बाई परातीला तेलाचा हात लावते, गरम पीठ ओतते आणि वाटीच्या बुडाने ते असं झरझर सरकवते की तिच्याकडे बघत उभं राहावंसं वाटतं. साडेबाराला परात मांडली तर दीडला पुसलेली असते.

भाजीचं गणित चांगलं बसलं. पावसाळ्यात पोडावरच्या बायका तरोटा, काटवल, धोप्याची पानं, वास्ते आणतात. बाजारात बसल्या तर त्या वाट्याने विकतात. संध्याकाळ झाली, परतीचा ऑटो निघायला लागला की दोन वाट्यांचा एक वाटा होतो, कधी कधी तोही फुकटात जातो. स्वयंपाकघरात सकाळी काट्यावर वजन होतं आणि लगेच रोख पैसे हातात पडतात. भाव बाजारापेक्षा फार चढा नाही, तरी त्या आधी आमच्याकडे येतात आणि उरलेलं घेऊन बाजारात बसतात.

अडलंय ते तुरीपाशी. जानेवारीत तूर निघते तेव्हा घरात दुकानदाराची उधारी असते, शाळेचं काहीतरी असतं, कोणाचं आजारपण असतं. व्यापारी वजनातून कडता कापतो, भाव पाडतो, पण संध्याकाळी नोटा मोजून देतो. आम्ही तूर मागताना म्हणायचो, ‘पैशाला पंधरा दिवस थांब.’ कोण थांबेल? हमीभावाच्या केंद्रावर जावं तर नोंदणीला पीकपेरा लागलेला सातबारा लागतो आणि सातबारा सासऱ्याच्या नावावर. नवरा गेल्यावरही वारसनोंद न झालेल्या बायका आमच्याकडे काही कमी नाहीत. म्हणून तूर व्यापाऱ्याकडे जाते आणि जूनमध्ये आम्ही किराणा दुकानातून चकचकीत डाळीचं पोतं आणतो. त्यात आमच्याच शिवारातली तूर किती असेल, देव जाणे.

आता दुसरं टोक बघा. बैठका, शिबिरं, प्रशिक्षणं यांच्या जेवणाच्या ऑर्डरी येतात. एकदम ऐंशी-शंभर ताटं. पाहुणे जेवतात, तोंडभरून कौतुक करतात, बायकांसोबत फोटो काढतात. बिलाचं विचारलं की ‘निधी आला की बघू.’ एका कार्यालयाने असं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत बघितलं. तोवर गॅसवाला थांबत नाही, किराणावाला दोनदा ऐकवून जातो आणि बायकांची मजुरी तुंबते. मजुरी तुंबली की ज्या बाईला सगळ्यात जास्त गरज आहे तीच आधी गळते, कारण तिला दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेलं तर रोख मिळतात.

चव, स्वच्छता, मेहनत यावर लोक फार बोलतात. माझ्या मते अशी स्वयंपाकघरं बसतात ती उशिराच्या पैशामुळे. ताट विकत कोण घेतं आणि पैसे कधी देतं, हे ज्याने आधी ठरवलं त्याचं चालतं. तुमच्याकडे काय आहे ते लिहा. भाषण नको, व्यवहार लिहा.

पुणेरी_वऱ्हाडी

मस्त धागा! वाचून भूक लागली. मला वाटतं तुम्ही ब्रँडिंगमध्ये कमी पडताय. पाटवडीचा छोटा व्हिडिओ टाका, जवसाची चटणी छान बाटलीत भरा, पुण्या-मुंबईत आमच्यासारखे हजारो वऱ्हाडी बसलेत. ‘वऱ्हाडी थाळी’ म्हणून सुट्टीत पर्यटकही येतील.

अंबाडी

@पुणेरी_वऱ्हाडी, चटणी पाठवू, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आगाऊ पैशांसकट. :)
पण बाटलीचा धंदा वेगळा आणि ताटाचा वेगळा. बाटली सहा महिने टिकते, ताट दुपारी तीनपर्यंत. घाटंजीला पर्यटक येतील तेव्हा येतील, मला सोमवारी साठ जण जेवायला हवेत.

आर्णीचा_कास्तकार

ताई, गोठ खरी हाये पण अर्धीच सांगितली तुमी. भाकर ज्वारीची म्हनता, पन ज्वारी पेरते कोन? आमच्याइकडे आता कपाशी, सोयाबीन आन् मंधात तुरीचे तास. ज्वारी पाहाची त धुरे हुडकत फिरा लागते. काहून त ऐका. साऱ्या शिवारात एकट्यानं ज्वारी पेरली त साऱ्या गावचे पाखरं त्याच्याच वावरात उतरतात. राती डुकरं, पहाटे रोही. यातून वाचली आन् कनसं भरल्यावर पानी आलं, त दाना काया पडते. काया दान्याची भाकर तुमचं गिऱ्हाईक खाईन का? मंग सोंगाले मजूर भेटत नाई. संकरित ज्वारीचा हमीभाव २०२५-२६ ले ३६९९ हाये कागदावर, पन बाजारात त्या भावानं घेते कोन?

पूर्वी घरी ढोरं होते, कडब्यासाठी तरी ज्वारी पेराचो. आता ढोरंच नाई. तुमाले ज्वारी पायजे त पेरनीच्या आधी सांगा. किती, काय भाव, पैसे कवा. दिवाईत इचारून फायदा नाई.

वर्धेकर

ज्वारीबद्दल अगदी पटलं. थोडं अवांतर : १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला तो आमच्या वर्ध्यातच, मगनवाडीत. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे बसून हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांचा हिशेब मांडत होते. गावात पिकलेलं गावात शिजावं ही चर्चा इथे तेव्हापासून आहे. त्यामुळे कोणी नवी कल्पना म्हणून सांगायला लागलं की हसू येतं. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, भिवापूरच्या मिरचीलाही मिळालं. तालुक्याच्या हॉटेलात विचारा, मसाला कुठला वापरता? पुडीतला.

जुनी_फाईल

पंचायत समितीत आयुष्य गेलं, म्हणून थोडा इतिहास. १९९५ला एक रुपयात झुणका-भाकर आली. केंद्रांना जागा मोक्याच्या मिळाल्या. योजना मागे पडली, जागा मात्र राहिल्या आणि तिथे पुढे काय काय तळलं गेलं ते सगळ्यांनी पाहिलंय. मग २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन : दोन चपात्या, भाजी, वरण, भात, गिऱ्हाइकाला दहा रुपयांत. ताटाची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ धरली, वरचे पैसे शासन देणार. कल्पना चांगली, भुकेल्याला ताट मिळालं. पण केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. ज्याच्याकडे आधीच हॉटेल आहे तो असा धक्का सोसतो, बचत गट सोसत नाही. धागाकर्तीचा मुद्दा इथेही लागू होतो.

आणि कायद्याचं म्हणाल तर गट दुबळ्या पायावर नाहीत. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातले गट आणि महिला मंडळं यांच्याकडून धान्य घ्या, शिजवून घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच सांगितलं. तरी २०१६ला आपल्या राज्यात घरपोच आहाराच्या निविदा अशा निघाल्या की लहान गटांना आत शिरायला जागाच नव्हती. गट कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द केली.

बाहेरचं एक उदाहरण देतो. ब्राझीलने २००९ला कायदाच केला : शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले निदान ३० टक्के लहान शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करायचे. आपल्याकडे शाळेचा तांदूळ दूरच्या गोदामातून येतो आणि शाळेमागच्या वावरातली तूर अडत्याकडे जाते.

झाडीपट्टी (धानोरा, जि. गडचिरोली)

आमच्याकडचा अनुभव. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण. माझ्या मते कागदावरच्या उत्तम योजनांपैकी एक. बाई गावातच जेवते, समोर बसून जेवते. घरी नेलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला तळ उरतो, ते इथे टळतं.

पण निधी मागेपुढे झाला की सेविका किराणा दुकानात स्वतःच्या नावावर उधार घेते. एका गावात तर दुकानदार वहीत योजनेचं नाव लिहीतच नाही, ‘बाईंचं’ एवढंच लिहितो. देणं तिचंच, असं त्याने कधीच ठरवून टाकलंय.

जिथे गावाच्या हाती स्वतःचा पैसा आहे तिथे जरा वेगळं दिसतं. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, नंतर बांबूचे पैसे ग्रामसभेकडे आले. बांबू-तेंदूचा पैसा असलेली ग्रामसभा आठ दिवसांची अडचण सहज भागवू शकते. तुमच्या कापसाच्या पट्ट्यात ग्रामसभेकडे असं काय आहे?

वर्धेकर

झाडीपट्टीचं नाव निघालं की तिथला तांदूळ आणि दादाजी खोब्रागडे आठवतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा माणूस, एचएमटी हा भाताचा वाण त्यांनी शोधला. देशभर त्या तांदळाच्या नावावर धंदा झाला, त्यांच्यापर्यंत त्यातलं फार थोडं आलं. २०१८ मध्ये गेले. अवांतराबद्दल क्षमस्व.

रमाईची_लेक (वाशीम)

पैशाचं सगळं पटलं. पण इतके प्रतिसाद झाले तरी कोणी विचारलं नाही, की त्या बायकांच्या हातचं गावातलं कोण खातं?

माझी आई शाळेत खिचडी शिजवायची. स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २००४चा आदेश आहे. आदेश मुंबई-दिल्लीत राहतो, आई गावात राहायची. सुरुवातीला काही घरची पोरं डबा घेऊन यायची. विचारलं तर म्हणे, पोट दुखतं खिचडीने. डबे बंद झाले ते हेडमास्तरांमुळे. जातीने मराठा माणूस. रोज आपलं ताट घेऊन पोरांच्या पंगतीत बसायचे आणि आईकडे दुसऱ्यांदा मागायचे. बोलले कोणालाच काही नाहीत.

मानधनाचंही ऐका. केंद्राने २००९ मध्ये महिना हजार रुपये ठरवले, तेही वर्षाचे दहाच महिने. राज्याने भर घालून ते आता २५०० वर आणलंय. एवढ्यात पन्नास-साठ पोरांचं शिजवायचं आणि भांडीही घासायची.

विधवांचंही तेच. २०२२ मध्ये हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव केला, शासनाने बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्या भागातही ठराव झाले. आता कुळाचाराच्या पुरणाला त्या बाईला हात लावू देतात का, ते जाऊन बघा. घरात जिच्या हातचं पुरण चालत नाही, तिच्या ताटाला गिऱ्हाईक कुठून आणणार हे आधी ठरवावं लागेल.

स्पष्टवक्ता

प्रत्येक धाग्यात जात आणायलाच हवी का? हॉटेलात जाताना कोण विचारतं आचारी कोण आहे?

रमाईची_लेक

हॉटेलातला आचारी भिंतीमागे असतो, दादा. गावात बाई कोणाची, घर कोणतं, सगळं आधीच ठाऊक असतं.

अंबाडी

@रमाईची_लेक, हे मूळ लेखात यायला हवं होतं, बरं झालं काढलंत. आमच्याकडे बाहेरचं गिऱ्हाईक काही विचारत नाही. बाजाराला आलेले लोक, जिनिंगवरचे मजूर, एसटीचे चालक-वाहक. एसटीवाले तर रोजचे. बस वळवून लावतात, हात धुतात, ‘आज काय’ म्हणतात आणि बसतात. पैसे तिथल्या तिथे. ज्यांचे खिसे लहान त्यांची उधारी नाही आणि ज्यांच्याकडे लेटरहेड आहे त्यांची थकबाकी, हा विनोद मला रोज वही उघडली की दिसतो.

गावातलं गिऱ्हाईक मात्र ‘गट कोणाचा हाये’ असं विचारून मग ठरवतं. लग्नाची ऑर्डर आजवर एकही नाही. एका घरून भाकरी हव्या होत्या, पण ‘अमकीने थापलेल्या’ द्या म्हणाले. बायकांनी आपापसात बोलून नाही म्हणून कळवलं. मला वाटलं होतं ऑर्डर घेतील, पैशाची गरज होती. त्यांनी मला विचारलंही नाही, आणि तेच बरोबर होतं.

मिनी_दालमिल (मूर्तिजापूर)

तुरीच्या प्रश्नावर नुसती हळहळ नको, आकडे मांडू. समजा रोज ६० ताटं आणि ताटामागे ४० ग्रॅम डाळ. दिवसाला २ किलो ४०० ग्रॅम. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७२० किलो. क्विंटलभर तुरीची ७० किलो डाळ धरा, म्हणजे तूर लागली साधारण सव्वादहा क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव ८००० आहे. त्या भावाने घेतली तरी ८२,००० रुपयांच्या आसपास. डाळीला कच्चा माल किलोमागे ११४ रुपये पडला, भरडाई आणि वाहतूक वेगळी.

म्हणजे तुमची सगळी अडचण जानेवारी-फेब्रुवारीत हातात असायला हव्या असलेल्या ऐंशी-ब्याऐंशी हजारांची आहे. एवढ्यासाठी मोठी योजना लागत नाही.

यंत्राचं सांगतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिल गटांनी बऱ्याच ठिकाणी घेतली आहे. तूर चाळायची, एकदा यंत्रातून काढून साल ओरखडायचं, तेल लावून मुरवायचं, पाणी देऊन उन्हात वाळवायचं, मग भरडायचं. घाई केली, ऊन कमी मिळालं, की साल सुटत नाही आणि तुकडा जास्त पडतो. डाळ दुकानातल्यासारखी चकचकीत होणार नाही, पॉलिश नसतं. चुणी (साल-तुकड्याचा भुगा) ढोरांसाठी विका, तेवढाच भरडाईचा खर्च निघतो. अन्नप्रक्रियेच्या केंद्रीय योजनेत गटातल्या प्रत्येक बाईमागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळतं, ते खेळतं भांडवल म्हणूनही वापरता येतं. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) कार्यालयात विचारा. आणि अन्नसुरक्षेची नोंदणी करून टाका.

जुनी_फाईल

+१. ग्रामसंघाकडे (गावातल्या बचत गटांच्या संघाकडे) समुदाय गुंतवणूक निधी असतो, तो कर्जाऊ देता येतो. सहसा तो शेळ्या आणि शिलाई मशीनला जातो. ब्याऐंशी हजार ग्रामसंघाने जानेवारीत तूर घेण्यासाठी द्यावेत, रोजच्या गल्ल्यातून आठवड्याला फेड. कार्यालयांच्या ऑर्डरींबाबत माझा सल्ला : अर्धी रक्कम आगाऊ, नाहीतर ऑर्डर नाही. साहेब रागावतील. रागावू द्या. आम्हीही रागवायचो आणि मग चहाच्या बिलातून पैसे काढून द्यायचोच.

पुणेरी_वऱ्हाडी

माझा आधीचा प्रतिसाद जरा हवेतलाच होता असं आता वाचताना वाटतंय. आम्ही काही जण मिळून जानेवारीत तुरीसाठी बिनव्याजी रक्कम दिली तर? परत डाळीच्या रूपात घेऊ.

अंबाडी

@पुणेरी_वऱ्हाडी, देणगी नसेल तर चालेल. किलोचा भाव आजच लिहून घेऊ, मात्र पुण्यापर्यंतचं भाडं तुमचं.
@मिनी_दालमिल, हा हिशेब छापून भिंतीला लावते. आम्ही आजवर महिन्याचा हिशेब करत होतो, म्हणून तुरीचा आकडा एकत्र कधी दिसलाच नाही. जवळची दालमिल कोणाकडे आहे ते शोधते. अर्धी आगाऊ हा नियम या महिन्यापासून लावतोय, पहिली ऑर्डर हातची गेली तरी.
@आर्णीचा_कास्तकार, आता ज्वारीचं बोला. रोज ६० ताटं, दोन भाकरी, भाकरीला ७० ग्रॅम पीठ. वर्षाला २५ क्विंटल लागते.

आर्णीचा_कास्तकार

२५ क्विंटल म्हंजे तीन-चार एकराचं काम. एकट्याच्यानं होत नाई. पन आमचे चौघा भावाईचे वावरं लागून हायेत, एकएक एकर चवघायनं पेरलं त पाखरं वाटून जातात. आमच्या शेजारीन बाई हाये, तिचं बी वावर लागूनच हाये, सातबारा तिच्या नावचा नाई, पन पेरते तेच. तिची ज्वारी घ्यान का?

भाव ३६९९ च्या खाली नाई. काया दाना निंगाला त तो येगळा मोजू, त्याचा भाव तवाच ठरवू. कडबा आमचा.

अंबाडी

तिची आधी घेऊ. आम्हाला सातबारा लागत नाही, काटा लागतो. भाव मान्य. पैसे मात्र अर्धे पोती उतरतील त्या दिवशी आणि उरलेले पुढच्या बाजाराला. व्यनित नंबर टाकलाय, मृग लागायच्या आधी एकदा या, बायकांशी समोरासमोर बोला.

आर्णीचा_कास्तकार

येतो. पुढचा बाजार म्हंजे पुढचाच ना ताई? निधी आल्यावरचा नाई ना?